बडीशेपेची पुडी

‘गावात एकाला गुप्तरोगाची लागण झाली आहे. सगळ्यांनी दवाखान्यात यावे.’

गावाच्या ग्रुपवर सकाळीच निरोप आला. बोलणाऱ्याच्या श्वासावरून फोनला लागण कळायची आणि तो आपणहून दवाखान्याला कळवायचा, पण नाव कधीच सांगत नसे. म्हणून सरपंचांपासून देवळातल्या गुरवापर्यंत सगळेच रांगेत उभे राहिले. आत तपासणी झाली की प्रत्येकाला सारखीच बंद पुडी मिळे. लागण असेल त्याला गोळ्या, बाकीच्यांना बडीशेप.

नव्या सुनेने, हेमांगीने, बाहेर येऊन पुडी चाचपली. गोळ्याच होत्या. तिने मूठ घट्ट मिटली.

शेजारी बडीशेप चघळणाऱ्या सासूबाईंनी ती मूठ पाहिली.

“जेवून घे हो गोळ्या, उपाशीपोटी मळमळतं,” त्या सहज म्हणाल्या. “आणि नवऱ्यालाही घ्यायला लाव. मागच्या खेपेला मीही तुझ्या सासऱ्यांना माझ्याबरोबर घ्यायला लावल्या होत्या.”