दश्शीची धडधड

क्लबात मेंढीकोट खेळणाऱ्या चारही म्हाताऱ्यांच्या पोटातल्या मोठ्या धमनीत स्टेंट होता. जांघेतून सरकवलेला, फुगलेली धमनी आतून सांभाळणारा आणि दर ठोक्याची खबर बाहेर पाठवणारा. ती खबर फक्त सोमवारी डॉक्टरला जाते, अशी सगळ्यांची समजूत होती.

जिंकायचे मात्र कायम केळुसकर. डाव ठरवणारं दहाचं पान, दश्शी, कुणाकडे आहे, हे त्यांना बरोबर कळायचं. संशयाने धुपकरांनी पत्त्यांचा कॅट बदलला, खुर्ची बदलली, भिंतीवरचा आरसासुद्धा काढायला लावला.

आज धुपकर जिंकत होते, आणि केळुसकर हातातले पत्ते खाली ठेवून त्यांना म्हणाले,

"जनू, ऊठ. आत्ता हॉस्पिटलात चल."

"तू हरायला लागलास की मी आजारी होय रे?"

"तुझ्या स्टेंटच्या बाजूने रक्त झिरपतंय. धमनी फुटेल."

"तुला कोण सांगून गेलं? डाव पुरा कर, लबाडा!"

केळुसकरांनी बाकी दोघांकडे एकदा पाहिलं. मग आपलं कमी ऐकू येतं म्हणून लावलेलं कानातलं यंत्र काढून धुपकरांच्या कानात घातलं. "ऐक. यात चौघांच्याही स्टेंटची खबर येते."

तिघांचे ठोके स्वच्छ होते. चौथ्यामागे गळक्या नळासारखी सुरसुर होती. धुपकर पांढरे पडले आणि चपला शोधू लागले.

"म्हणजे दश्शी हातात आली की माझी धडधड..."

"वर्षभर ऐकतोय."

धुपकरांनी त्यांच्या खांद्याचा आधार घेतला, पण दुसऱ्या हाताने आपले पत्ते खिशात टाकले.

"मी परत येईपर्यंत हा डाव मोडायचा नाही. आणि यंत्र माझ्याकडे राहील."