ठेवून खायची केळी

थोरल्या जावेने लाल केळ्यांची फणी ओट्यावर ठेवली आणि सासूला म्हणाली, "आई, तिला सांगा, केळं खाऊन निघ म्हणावं. सामान चढायला अजून वेळ आहे."

धाकटी जाऊ तिथेच, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, आपल्या वाटणीची भांडी कागदात गुंडाळत होती.

"आई, त्यांना सांगा, एवढी भांडी झाली की खाते."

"मी काय टपालखातं आहे?" सासू म्हणाली. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तिथून दोन्ही सुना दिसायच्या. "आणि तेही बिनपगारी!"

कुणी हसलं नाही. आठवडाभर हे असंच चाललं होतं. धाकटीने वेगळी जागा घेतल्याची बातमी थोरलीला घरात कळली नव्हती. ती जिन्यावर दूधवाल्याने सांगितली होती. तेव्हापासून दोघींमधलं सगळं बोलणं सासूच्या मार्फत. खाली टेम्पो उभा होता. धाकटा भाऊ सामानाला दोरी आवळत होता आणि थोरला त्याला गाठ कशी मारायची ते शिकवत होता. पुरुषांचं काहीच बिनसलं नव्हतं.

केळी थोरलीने सकाळी स्वतः बाजारात जाऊन आणली होती. धाकटी घर सोडून चालली आहे, तर निदान तोंड कडू करून जायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. रोजची पिवळी नकोत म्हणून लाल. घरात लाल केळी पहिल्यांदाच येत होती. हिरवं ते कच्चं, पिवळं ते पिकलं, हे कुणालाही कळतं. लाल केळं आधीच लाल. त्याने आणखी काय व्हायचं? तरी तिने विचारलं होतं, "पिकली आहेत ना ही?"

फळवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी भरत होता. "ठेवून खा, ताई," तो मान वर न करता म्हणाला.

तिला वाटलं, भारी फळ आहे, एका बैठकीत फस्त करू नका असं सांगतोय. "आमच्याकडे कुणी अधाशी नाही," असं त्याला सुनावून ती घरी आली होती.

धाकटीने हात धुतले आणि फणीतलं एक केळं ओढलं. ते सुटेना. पिळून काढावं लागलं. साल निघेना, म्हणून तिने नखाने चीर पाडली. बोटांना चीक लागला. थोरली तिच्याकडे पाठ करून, धाकटीचे डबे निघाल्याने रिकामी झालेली फळी पुसत होती.

धाकटीने घास घेतला आणि ती थांबली. जीभ जड झाली, दातांवर साय धरल्यासारखं झालं. खिडकी उघडी होती. मोरीही दोन पावलांवर होती. तिने थोरलीच्या पाठीकडे पाहिलं आणि घास चावायला लागली. मग दुसरा घेतला.

"आई, विचारा तिला, गोड आहे का," थोरली फळीकडे बघत म्हणाली.

"गोड आहे का गं?"

"गोड आहे."

"गोड आहे म्हणते," सासूने पोचवलं.

थोरली वळली. धाकटी खात होती आणि तिचे डोळे भरून आले होते. थोरलीला वाटलं, घर सुटतंय म्हणून. तिलाही कसंसंच झालं. रडणाऱ्या माणसासमोर नुसतं उभं कसं राहायचं, म्हणून तिने स्वतःसाठी एक केळं काढलं, ओढाताण करून सोललं आणि मोठा घास घेतला.

पुढच्या क्षणी ती मोरीवर वाकून थुंकत होती.

"अगं, कच्चं आहे हे!" ती म्हणाली. "ठार कच्चं! ठेवून खा म्हणाला होता तो मेला, आणि मी त्यालाच चार शब्द ऐकवून आले. टाक ते. टाक म्हणते ना! घसा धरेल तुझा."

सासूने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. काही पोचवायचं उरलं नव्हतं.

धाकटीच्या हातात शेवटचा तुकडा राहिला होता. तिने तो तोंडात टाकला आणि गिळला.

"काय बाई तरी!" थोरली म्हणाली. तिने पाण्याचा पेला भरून पुढे केला. धाकटी गटागटा प्यायली, पण पाण्याने तुरटपणा जातो थोडाच.

खालून हॉर्न वाजला. धाकट्याने हाक मारली. धाकटीने भांड्यांची पिशवी उचलली, सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि दारात जाऊन मागे वळली. थोरलीकडे बघून ती काहीतरी बोलली. जीभ टाळूला चिकटली होती. शब्दातलं शेवटचं 'ते' तेवढं ऐकू आलं. मग चपलांचा आवाज जिना उतरत गेला.

टेम्पो सुरू झाला. थोरली खिडकीपाशी गेली नाही. धाकटीचा एक कागद ओट्यावर उरला होता. उरलेली केळी तिने त्यात घट्ट गुंडाळली, तांदळाचा डबा उघडला आणि पुडकं कोपरापर्यंत हात घालून आत पुरलं. वरून तांदूळ सारखे केले.

"जाताना काय म्हणाली गं ती?" सासूने विचारलं. "जाते म्हणाली, की येते?"

थोरलीने डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

"येते म्हणाली."