दुसऱ्या कडव्याचे काका

“इंजिन अजिबात बंद करू नकोस. अर्धा-पाऊण तास चालू राहू दे, मग कुठे बॅटरी जरा चार्ज धरेल,” बॅटरीताई म्हणाली आणि हेडफोन सारखा करून तिनं चहाचा घोट घेतला.

“बंद करतोय कशाला? परत चालू करायला धक्का मारायला तू येणार आहेस का?” खटारा म्हणाला.

दर रविवारी दुपारी तिघं असे ऑनलाइन जमत. एकानं दणदणीत रॉक गाणी लावायची, बाकीच्यांनी ऐकायची आणि मध्येमध्ये तोंडाचा पट्टा चालवायचा. ताई तिच्या बॅटरीच्या दुकानातून बोलायची. बेस नावाचा पठ्ठ्या बेस गिटार वाजवायचा, म्हणून तो बेस. आणि खटारा इमारतीखालच्या गॅरेजात आपल्या खटारा गाडीत बसून ऐकायचा, कारण त्याचे स्पीकर गाडीपेक्षा महाग होते. फोन गाडीला जोडायचा आणि आवाज फुल्ल करायचा, हा त्याचा शिरस्ता.

आज गाणी लावायची पाळी ताईची होती. तिनं संथ गाणं लावलं होतं, आणि ती म्हातारी झाली म्हणून दोघांनी तिला यथेच्छ पिडलं होतं.

“काका आले नाहीत अजून?” बेसनं विचारलं. काका म्हणजे खटाऱ्याच्या वरच्या मजल्यावरचे. दुसरं कडवं संपायच्या आत ते चपला फटफटवत खाली यायचे आणि गाडीची काच ठोठावायचे.

“आज नाही येत. तुझी युक्ती केलीय.”

“शाब्बास! अरे, पण तुझा आवाज काय घुमतोय! स्टुडिओत बसल्यासारखा.”

“डोकं मात्र जड झालंय. ताईचं गाणंच असलं रटाळ. जांभयांवर जांभया येतायत.”

बेस खो खो हसला. ताईही हसली आणि तिचा कप ओठांपाशी थांबला. हा घुमारा तिच्या ओळखीचा होता. संध्याकाळी दुकानाचं शटर आतून ओढलं, की तिचा स्वतःचा आवाज अस्साच यायचा.

“खटारा, गॅरेजचं शटर खाली आहे का?”

“मग? बेसचीच तर युक्ती...”

ताईनं कप खाली आदळला. इंजिन चालू, शटर बंद, आणि सायलेन्सरला भोक. ते भोक तर तिला गेल्या वर्षापासून माहीत होतं. त्या धुरातलं विष वासानं कळत नाही. झोप येते, एवढंच.

“इंजिन बंद कर! आत्ताच्या आत्ता! शटर उघड!”

“अगं, तूच म्हणालीस ना... चालू ठेव...”

“मी मूर्ख आहे! बंद कर म्हणते ना!”

“करतो गं... हे गाणं संपू दे.”

मग नुसती इंजिनची घरघर. दोघांनी घसा फाटेपर्यंत हाका मारल्या.

“बेस, त्याचा पत्ता सांग. ॲम्ब्युलन्स पाठवू.”

“मला कुठे माहीत? तुला?”

“गाव? निदान नाव?”

तेही दोघांना माहीत नव्हतं. दर रविवारी जमायला लागून तीन वर्षं झाली होती. क्लच प्लेट कधी बदलली, कुठलं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, सगळं दोघांना पाठ होतं. माणसाचं नाव कुणी विचारलंच नव्हतं.

“ताई, शटरचं मी सांगितलं होतं गं,” बेस म्हणाला.

“आणि इंजिनचं मी. थांब. काका!”

तिनं घाईघाईनं एक गाणं शोधलं. हे गाणं लावायला खटाऱ्यानं बंदी घातली होती. सुरुवातीलाच किंकाळी, मग ड्रमचा गडगडाट. यानं काका पंधरा सेकंदांत खाली आले होते, तो विक्रम होता. तिनं ते लावलं.

पंधरा सेकंद झाले. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. काकांनी ऐकू नये म्हणून ओढलेलं शटर आज त्यांना ऐकू देत नसेल तर? ते गावाला गेले असतील तर? ताई घामानं निथळत होती. आयुष्यात कुणापुढे हात न जोडणारी बाई, कधी न पाहिलेल्या काकांना हात जोडून विनवत होती, “या हो काका. शिव्या द्यायला या. एकदाच या.”

गाणं संपलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

धाड. धाड धाड.

“ताई,” बेस ओरडला, “हे गाण्यात नाहीये!”

शटरचा पत्रा खडखडला आणि गाण्यातला घुमारा एकदम गेला. “लाज आहे का रे काही? दुपारची वेळ, माणसानं जरा...” म्हातारा आवाज मध्येच तुटला.

ताईनं गाणं बंद केलं. “काका! आधी चावी फिरवा! मग त्याला बाहेर ओढा, मोकळ्या हवेत!”

“कोण... कोण बोलतंय?”

“काका, चावी!”

इंजिन थांबलं. दाराला लाथ बसल्याचा आवाज आला. काहीतरी फरफटलं. काका कुणाला तरी ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगत होते आणि मध्येच त्याला त्याच्या नावानं हाका मारत होते. ते नाव दोघांनी पहिल्यांदाच ऐकलं. मग दोघंही तेच नाव घेऊन हाका मारू लागले.

किती वेळ गेला कोण जाणे. लांबून एक खोकला आला. मग दुसरा. मग अगदी बारीक आवाज.

“सॉरी काका... कमी करतो आवाज.”

“खबरदार कमी केलास तर,” काका म्हणाले.