दादाशेजारची जागा
गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये प्रत्येकाने बाकावर शेजारी बसलेल्याचे पाय धुवायचे असतात. प्रभूने शिष्यांचे धुतले होते, म्हणून. त्यासाठी मी दरवर्षी लोट्याहून रत्नागिरीला येते आणि दरवर्षी दादापासून चार बाकं लांब बसते. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा मी कंपनीतून सुटून पोहोचेपर्यंत तो थांबला नाही. माती उरकून मोकळा झाला. तेव्हापासून माझ्या घरात मी त्याचं नाव काढू दिलेलं नाही. यंदा घाटात गाडी अडकली. पोहोचले तेव्हा प्रार्थना चालू होती आणि जागा उरली होती ती दादाशेजारीच. बसले. परात पुढ्यात आली तशी त्याच्याकडे न बघता गुडघे टेकले. धुवायचं आणि उठायचं, एवढंच. दादाने डावा बूट काढून पाय परातीत ठेवला. पाय आधीच लख्ख होता, टाचसुद्धा घासलेली. "दुसरा काढ," मी म्हटलं. अकरा वर्षांतला माझा पहिला शब्द. त्याने उजवी पँट जराशी वर ओढली. बुटाच्या वर प्लास्टिकची नळी होती. "शुगरने नेला, बाय. गणपतीच्या आधी कापला." मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? मी त्या एकाच पायावर पाणी ओतत राहिले. "दरवर्षी दोन्ही घरून घासून यायचो," दादा हळूच म्हणाला. "वाटायचं, यंदा तू बसशील."