शेजार

"जागा चांगली आहे, पण शेजार चांगला नाही," बायको म्हणाली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली.

विणकराने कपाळाला हात लावला. ही अकरावी जागा. सकाळीच त्याने पहारीने दोन हात खोल खड्डा खणला होता आणि त्यात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात मुरतं ते घड्याळ लावून पाहिलं होतं. माती लोण्यासारखी. विहिरीला बारमाही पाणी. आणि बाईसाहेबांना शेजार पसंत नाही! शेजारी म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर. बिचारा फाटकाशी येऊन दोन शब्द बोलला आणि गेला.

"त्याने तुझं काय घोडं मारलं?" विणकराने विचारलं.

"पुटपुटतो मेला," ती म्हणाली.

आता याला काय म्हणावं? आधीच्या जागेचा शेजारी मिशीतल्या मिशीत बोलतो म्हणून बाद झाला होता. त्याच्या आधीची बाई तोंडाला पदर लावून बोलते म्हणून. "अगं, आपल्याला जागा घ्यायची आहे, मुलीला स्थळ बघायचं नाही!" विणकर वैतागून म्हणायचा. ती नुसती हसायची.

चौतीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यावर त्याच्या कानांनी राजीनामा दिला होता. जवळून कोणी ओरडलं तर ऐकू येई, एरवी नाही. पण त्याचं काही अडलं नाही. मागांच्या शेडमध्ये सगळेच नुसते ओठ हलवून बोलत. बायकोही तिथेच बॉबिनं भरायला होती. त्याने लग्नाचं ओठांनी विचारलं, तिने ओठांनी हो म्हटलं आणि ते सगळ्या शेडने वाचलं. कान गेल्यापासून कोणी काही बोललं की ती त्याच्यासमोर उभी राहायची आणि तेच शब्द सावकाश ओठांनी पुन्हा म्हणायची. कानाचं मशीन त्याने एकदा लावून पाहिलं होतं. सगळे माग डोक्यात एकदम सुरू झाले, तेव्हा काढून ठेवलं. "माझं मशीन घरात चालतं-बोलतं आहे," असं तो सगळ्यांना सांगत असे.

नोकरी संपली, तशी कारखान्याची खोली सोडावी लागली. त्याच सुमारास ती आजारी पडली. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता, विणकराला नुसते डोळे दिसत होते. त्यांचं बोलणं संपल्यावर ती त्याच्याकडे वळली. "अशक्तपणा आहे. मोकळ्या हवेत राहा म्हणतात. वर्षभर गोळ्या घेतल्या की ठणठणीत."

मग काय, विणकराने पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन घेतली, आत दोन फळ्या ठोकून झोपायची सोय केली, शेगडी बसवली. महिन्या-दोन महिन्यांत जागा मिळेल असं वाटलं होतं. आता नववा महिना चालू होता. व्हॅनची पायरी चढताना ती त्याचा दंड धरू लागली होती. थंडी पडायच्या आत तिच्या डोक्यावर छप्पर हवं, एवढंच त्याच्या मनात होतं. तिला मात्र कसली घाईच नव्हती, आणि त्याचंच त्याला वाईट वाटे.

बारावी जागा बघताक्षणी त्याने नापास केली. उतार, त्यात दगड. पहार टेकवली तर ठिणगी उडाली. पाणी पार खाली ओढ्याला. बादली त्याने खाली उतरवलीसुद्धा नाही.

शेजारी एक बदकं पाळणारी बाई राहत होती. तिचा आवाज कसला, भोंगाच! ओढ्यापलीकडची बदकं तिच्या एका हाकेला परत फिरत.

"अहो दादा! गाडी सावलीत घ्या! तापेल!" ती कुंपणावरून ओरडली.

विणकराने गाडी सावलीत घेतली.

"आणि चहाला या! कुत्रं बांधलंय!"

बायकोला पायरीवर बसवून तो गेला. निघायचंच आहे, तर चहा घेऊन निघू, असा त्याचा हिशेब. परत आला तो अर्ध्या तासाने, हसत हसत.

"भारी बाई आहे. म्हणते, खाली वळणावर बस थांबते, सकाळ-संध्याकाळ. परवा म्हणे एक बदक बसमध्ये चढून थेट शहरात गेलं! कंडक्टरने संध्याकाळी परत आणून दिलं. चल, निघू या."

बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिचे डोळे भरले होते.

"हीच जागा घ्या," ती म्हणाली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? इथे कुसळ उगवायचं नाही! नऊ महिने सोन्यासारख्या जागा नाकारल्यास, आणि आता हे दगड?"

"बस वळणावर थांबते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? त्या बाईने."

"आणि बदकाचं?"

"तिनेच. किती वेळा सांगू?"

"मी नव्हते ना तिथे?"

ती नव्हती. अर्धा तास तो एका परक्या बाईशी बोलत बसला होता, हसला होता, आणि मध्ये ती नव्हती. त्याला पुटपुटणारा पोस्टमास्तर आठवला. मिशीवाला आठवला. पदरवाली आठवली. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" त्याने विचारलं. "खरं सांग."

लग्न झाल्यापासून ती कधी त्याच्याशी तोंड फिरवून बोलली नव्हती. आज तिने ओढ्याकडे तोंड केलं आणि मग सांगितलं.