चौथा अर्थ

उदगीरच्या बायकांच्या इंग्रजी वर्गात शेवटचा प्रश्न उरला होता, आणि टेबलावर बक्षिसाची इरकल साडी वाट बघत होती. जालन्याहून नव्यानं आलेल्या शिवानी मॅडमनी फळ्यावर ‘स्प्रिंग’ लिहिलं. शब्द मुळात उसळून वर येण्याचा, पुढं त्याला किती अर्थांचे कोंब फुटले, हे त्यांनीच शिकवलं होतं.

किराणा दुकानाच्या सिद्धम्माकाकू घडाघडा सांगू लागल्या. “पयला झरा. दुसरी उडी. तिसरी आमच्या सोफ्यातली, बसलं की टोचती ती.” आणि एकदम थांबल्या.

“चौथा, काकू? आंब्याला मोहोर येतो, कोकिळा गाते, तो ऋतू?”

“मालूम हाय की. पर सांगता येत न्हाई.”

मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काकूंची थट्टा चाललीय असं वाटून मॅडम त्यांच्या मदतीला धावल्या. “घरी काकांपुढं पाठ केलं नव्हतं का?”

“त्यांच्या म्होरं तर अजिबातच न्हाई,” काकू लाजल्या.

“जलमभर सांगायची न्हाई ती,” शेजारची उज्ज्वला म्हणाली. “साडी मलाच द्या, मॅडम.”

नाइलाजानं मॅडमनी साडी उचलली. तशा काकू उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या,

“झऱ्याचं पाणी आणून पिंडीवर धरली धार,
वसंतअप्पांचं नाव घेते, अर्थ झाले चार.”