जागेपणीची गोळी

"झोपेची नोको, डाक्टरसायेब," लटारू म्हणाला. "तिले जागी ठेवा. फक्त काळीज सांभाळाचं आहे तिचं."

बाहेर रस्त्यावर ठेकेदाराचा ट्रक उभा होता. ट्रकमध्ये चादरीखाली देवाजी होता, लटारूचा एकुलता एक मुलगा. जंगलात सागाचे ओंडके भरताना एक ओंडका निसटला आणि सरळ छातीवर आला. तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता. चांद्याच्या दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं. सावली तालुक्यातल्या गावात त्याची आई वच्छला मात्र पोराचा पाय मोडला एवढंच समजून बसली होती. निरोप आला तेव्हा लटारूनेच तिला तसं सांगितलं होतं.

डॉक्टर भला माणूस. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, तरी त्याने घाई केली नाही. वच्छलेचं दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. दिवेलागण झाली की तिची छाती धडधडायची, हात कापायचे, आणि ती उगाच दाराकडे धावायची. त्याने टेबलावर औषधं मांडली.

"ती रोज घेते ते बाटलीतलं खारं औषध हळूहळू अंगात भिनतं. आजच्याला त्याचा उपयोग नाही. ही बारकी गोळी झोपवते. आणि ही नवी आली आहे मुंबईहून. हिच्याने धास्ती कमी होते, थोडी सुस्ती येते, पण माणूस जागा राहतो. एकच द्यायची, जास्त नाही."

"पोराचं तोंड पाह्यता येईन ना तिले?"

"येईल."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लटारूचं पोळलं होतं ते धाकट्या इंदूच्या वेळी. पाच वर्षांची पोर तापाने दवाखान्यात दगावली आणि घरी ते ऐकून वच्छला भिंतीवर डोकं आपटू लागली. गावाला शहाणपण पुष्कळ असतं, पण दुसऱ्याचं रडणं बघवत नाही. कुणीतरी झोपेची गोळी आणली, चौघींनी धरून ती तिच्या तोंडात घातली. अंधार पडायच्या आत पोरीला पुरून माणसं परतसुद्धा आली. दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलेला जाग आली तेव्हा तिला दाखवायला ओली माती उरली होती. मेलेलं लेकरू जिने पाहिलंच नाही, ती त्याची वाट बघायचं सोडणार कशी? छातीची धडधड तेव्हापासूनची.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच लटारूने धरून ठेवलं होतं. वाटभर तो डॉक्टरचं बोलणं मनात घोकत राहिला. खारं हळू चढतं, बारकी झोपवते, नवी जागं ठेवते. पोराकडे मान वळवून बघायचं बळ त्याच्यात नव्हतं.

गावाबाहेर बैलगाडीच्या पांदीपाशी ट्रक थांबला. लटारू एकटाच पुढे गेला. वच्छला दारातच उभी होती. त्याने गोळी पुढे केली.

वच्छलेने गोळी हातात घेतली. मग हलकेच म्हणाली, "पाय पोराचा मोडला ना? मंग गोळी मले काऊन?"

लटारूची नजर मागे पांदीकडे, ट्रककडे गेली. त्यातच तिला सगळं कळलं.

"झोपेची आहे का?"

"नाई. मी इचारून इचारून आणली. तू जागीच राह्यशीन."

"अन् रडता येईन?"

तिन्ही औषधांतला फरक लटारूने पाठ केला होता. हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

"मागच्या येळी जाग आली, पण रडूच नाई आलं मले," वच्छला म्हणाली. "अजून नाई आलं."

तिने गोळी त्याच्या हातात परत ठेवली आणि पांदीकडे चालू लागली. तोवर शेजारणी गोळा झाल्या होत्या. त्यांनी तिला दोन्हीकडून धरलं. "नोको वच्छलाबाई, सहन नाई होणार तुले," एकजण म्हणाली.

"सोडा तिले," लटारू म्हणाला.

ती ट्रकवर चढली. तिने चादर बाजूला केली, पोराचं तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग तिच्या पोटातून असा हंबरडा फुटला की ट्रकवाला उतरून लांब जाऊन उभा राहिला.

देवाजीचं तोंड तिने छातीशी धरलं होतं, पण पहिलं नाव निघालं ते इंदूचं.